जुन्या व्हॅनची चाकं : स्टीलच ठेवू की अलॉय घेऊ?

भटकी_व्हॅन

मंडळी, जरा सल्ला हवाय.

गाडी फोक्सवॅगन टी४, नव्वदच्या दशकातली, लांब व्हीलबेसची. मागे पलंग, पाण्याची टाकी, जादा बॅटरी असा सगळा संसार कायमचा बसवलेला आहे, म्हणजे रिकामी अशी ती कधी धावतच नाही. चाकं कंपनीचीच, स्टीलची. घासूनपुसून मागचे आकडे वाचले : ६जे × १५ एच२ ईटी ५५ (६ इंच रुंद, १५ इंच व्यासाची). टायर १९५/७० आर१५ सी (सी म्हणजे मालवाहू गाड्यांचा, जास्त भाराचा).

त्यातल्या दोन रिमना कडेला गंज धरलाय आणि हवा हळूहळू उतरते. टायरवाला म्हणतो रिम घासून टायर परत बसवतो, पण किती दिवस टिकेल ते सांगत नाही. अशात एका ओळखीच्याकडे सेडानवरून उतरवलेला अलॉयचा संच पडून आहे, टायरसकट. ७जे × १६, ईटी ४५, बोल्टांचं वर्तुळ माझ्यासारखंच ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर). टायर २०५/५५ आर१६ ९१व्ही. दिसायला झकास आहेत. घरात दोन तट पडलेत.

प्रश्न असे : अलॉय खरंच हलकी असतात का? जुन्या, वजनदार गाडीला ती चालतात का? आणि स्टील "मजबूत" म्हणतात ते खरं की नुसती सवय? रस्ते बहुतेक डांबरी, अधूनमधून खराब पट्टे.

---

गंजलेला_नट

स्टील ठेवा. खड्ड्यात आपटली तर वाकते, ठोकून सरळ होते, पुढच्या गावापर्यंत नेते. अलॉय आपटलं की तडा. विषय संपला.

---

उतारावरचा

विषय इतक्यात नाही संपत, नटराव. :)

मी अलॉयवाला आहे आणि पश्चात्ताप अजिबात नाही. अलॉय धुवायला सोपी, स्टीलसारखी गंजून सोलपटत नाहीत, बॅलन्सिंगला कमी वजनं लागतात कारण मशीनवर कातलेली असतात. उतारावर ब्रेक तापतात तेव्हा अॅल्युमिनियम उष्णता पटकन बाहेर टाकतं. आणि दिसण्याचं म्हणाल तर जुन्या व्हॅनचं अर्धं रूप चाकांतच असतं. व्हील कॅप लावून फिरणाऱ्यांनी यावर बोलू नये.

---

गंजलेला_नट

माझ्या कॅप कधीच उडून गेल्या. निव्वळ काळ्या रिमवर फिरतो. तेच खरं रूप.

---

पाना_एकोणीस

धागाकर्ते, स्टील की अलॉय हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न : ते चाक तुमच्या गाडीचं ओझं पेलणार आहे का? तुम्ही धातू विचारलात, वर्तुळ सांगितलंत, रूप सांगितलंत. वजनाचा आकडा मात्र कुठेच नाही.

दोन गोष्टी करा.

एक, गाडीवरची वजनाची पाटी शोधा. तिच्यावर एकूण वजन आणि प्रत्येक अॅक्सलचं कमाल वजन असतं. मागच्या अॅक्सलचा आकडा घ्या आणि दोनाने भागा. एका चाकाने निदान एवढं पेललंच पाहिजे.

दोन, अलॉयच्या पाठीमागे, आरीच्या मुळाशी किंवा हबला (चाक ज्यावर आवळतात तो गाडीचा भाग) टेकणाऱ्या भागाजवळ ओतीव अक्षरं असतात. माप, ईटी, बनवणाऱ्याची खूण, आणि नशीब असेल तर कमाल भार. काहींवर तो किलोत असतो, काहींवर पौंडात. पौंडाचा आकडा किलो समजून खूश होऊ नका. जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल ही खूण दिसेल. ती प्रवासी मोटारीची. ट्रक, बस आणि मालवाहू गाड्यांसाठीची खूण जेडब्ल्यूएल-टी. शेवटच्या त्या "टी"ने पुष्कळ फरक पडतो.

टायरचं तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. दोन मिळून १२३०. आता पाटीवर काय आहे ते बघून सांगा.

---

भटकी_व्हॅन

बघून आलो. मागच्या अॅक्सलसमोर १४६० किलो. म्हणजे एका चाकाला ७३०.

अलॉयच्या मागे कमाल भार ६१५ किलो असं ओतलेलं आहे. टायरही ६१५. म्हणजे हा संच बादच ना?

---

पाना_एकोणीस

बाद. ७३० किलोसाठी टायरचा भारांक निदान ९७ लागतो. तुमच्या सध्याच्या "सी" टायरवर बहुधा १०४/१०२ असेल. त्यातला पहिला आकडा एकेरी चाकाचा, म्हणजे ९०० किलो. दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी, तो तुमच्या कामाचा नाही.

आणि अलॉयवर नुसते १०४ चे टायर चढवून हा घोळ मिटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रतिसाद तोच येणार आहे. टायर ९०० पेलेल, पण खालचं चाक ६१५ चंच राहील. दोघांतला जो लहान आकडा, तोच खरा.

---

मावळतीकडे

पण लोक सर्रास सेडानची चाकं लावून फिरतात की व्हॅनला. त्यांचं काही झालेलं दिसत नाही.

---

मेधा_धातुवाली

मावळतीकडे, रिकाम्या व्हॅनला मागच्या चाकावर ओझं बरंच कमी येतं, म्हणून निभावतं. शिवाय धातू थकून तुटतो तो एका फटक्यात नाही. चाक फिरताना प्रत्येक फेरीत आरीच्या मुळाशी ताण वरखाली होतो. ओझं मर्यादेत असेल तर असल्या कोट्यवधी फेऱ्या ते पचवतं. मर्यादेच्या वर गेलं की फेऱ्यांचा हिशेब झपाट्याने आक्रसतो. तडा सुरू होतो आतल्या बाजूने, जिथे कुणी बघत नाही. त्यामुळे "काही झालेलं दिसत नाही" हे वाक्य बरोबरच आहे. दिसत नाही.

आता धातूचंच विचारलंय तर थोडं लिहिते. ज्यांना कंटाळा त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठावा.

पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७. लोक हे आकडे बघून म्हणतात, अलॉय तिप्पट हलकं. पण ताठपणातही अॅल्युमिनियम तिसऱ्या हिश्श्यावर आहे : पोलाद सुमारे २१० गिगापास्कल, हे सुमारे ७०. तेवढाच ताठपणा हवा तर माल जाड घालावा लागतो, आणि वाचलेलं वजन बरंचसं तिथेच परत येतं. त्याच मापाच्या स्टीलपेक्षा साधं ओतीव अलॉय एक-दीड किलोने हलकं निघालं तरी चांगलं म्हणायचं. १५ चं स्टील काढून १६-१७ चं रुंद अलॉय लावलंत तर वजन वाढूही शकतं. घरी काटा असेल तर दोन्ही ठेवून बघा, दुकानाच्या पाटीवर जाऊ नका.

बहुतेक चाकं ए३५६ या मिश्रधातूची असतात. अॅल्युमिनियमात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ओतल्यावर त्याला टी६ प्रक्रिया देतात (फोक्सवॅगनची टी६ नव्हे हो!), म्हणजे आधी खूप तापवून पाण्यात बुडवणं आणि मग दीडशेच्या वर थोड्या अंशांना काही तास मुरवणं. ताकद येते ती यातून. म्हणूनच तडा गेलेलं अलॉय वेल्ड करून विकतात ते मला पटत नाही. वेल्डच्या आजूबाजूला ती मुरवणूक उतरून जाते. बाहेरून रंग मारला की नवंकोरं दिसतं. बाहेरच्या कडेचा ओरखडा भरला तर ठीक. आरीचा किंवा आतल्या कडेचा तडा असेल तर ते चाक भंगारात.

घडीव, म्हणजे फोर्ज्ड चाकं याहून बरीच चिवट असतात. पण व्हॅनच्या मापात ती सहज मिळत नाहीत.

---

उतारावरचा

ब्रेकच्या उष्णतेचं मी लिहिलं होतं, त्यावर बोला ना मेधाताई.

---

मेधा_धातुवाली

अॅल्युमिनियम उष्णता पोलादाच्या कितीतरी पट चांगली वाहून नेतं, हे खरं. पण ब्रेक डिस्कची उष्णता मुख्यतः हवेत जाते. चाकात जाणारा वाटा हबच्या छोट्या टेकणीतून जातो, तो थोडा. ब्रेकला वारा किती मिळतो ते भोकांवर आणि आऱ्यांच्या मोकळीकीवर ठरतं. मोकळ्या आऱ्यांचं अलॉय बंद तोंडाच्या स्टीलपेक्षा बरं, हे मान्य. पण कमी भोकांचं भारदस्त अलॉय असेल तर तो फायदाही गेला. लांब उतारावर गिअर खाली टाकून इंजिनावर गाडी धरणं या सगळ्याहून जास्त कामाचं.

---

गंजलेला_नट

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

टेपपट्टी

भार जुळला असता तरी त्या संचाचं माप बघाच, कारण पुढचा संच शोधताना हाच हिशेब लागेल.

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. तुमचं आताचं चाक ६ इंची, म्हणजे १५२.४ मिमी. त्याचं अर्धं ७६.२. त्यातून ५५ गेले, उरले २१.२. इतकी रिम हबच्या टेकणीपलीकडे बाहेर येते. त्या अलॉयची रुंदी १७७.८, अर्धं ८८.९, वजा ४५, बरोबर ४३.९. म्हणजे बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी पुढे येणार. आतल्या बाजूला तीनच मिमी.

२३ मिमी कागदावर किरकोळ वाटतं. पण सरकता दरवाजा मागच्या चाकावरून मागे जातो अशा गाडीत टायर बाहेर आला की दरवाजाची खालची कड त्याला घासायची भीती असते. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी भरलेली असताना मडगार्ड तपासायचं. शिवाय भार बेअरिंगच्या मध्यापासून लांब सरकतो. तीस वर्षांच्या बेअरिंगला हे दुखणं कशाला?

टायरचा व्यासही बघा. १९५/७० आर१५ : १९५ च्या ७० टक्क्यांची दुप्पट २७३, अधिक १५ इंचांचे ३८१, एकूण ६५४ मिमी. २०५/५५ आर१६ : २२५.५ अधिक ४०६.४, म्हणजे सुमारे ६३२. साडेतीन टक्क्यांच्या आसपास लहान. वेगदर्शक १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९६-९७. इंजिन तेवढंच जास्त फिरणार. १६ इंचीच हवं असेल तर २१५/६० आर१६ बघा, तो ६६४ येतो. दीड टक्का मोठा, तेवढं चालतं. तिथेही भारांक वाचायचाच.

---

रानवाट

५×११२ जुळलं म्हणजे बसलं असं नाही, हेही लक्षात घ्या. मधलं भोक बघा. टी४ चं ५७.१ मिमी. मर्सिडीझची ५×११२ वाली चाकं ६६.६ ची असतात, मग मध्ये कडी घालावी लागते. कडी घेताना अॅल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते. आणि जुन्या मर्सिडीझच्या अलॉयची बोल्टाची छिद्रं एम१२ (१२ मिमी जाडीच्या बोल्टां)साठी असतात, टी४ चे बोल्ट एम१४. छिद्र मोठं करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

तरी अलॉयच हवी असतील तर सेडान सोडा आणि व्हॅनवरूनच उतरलेली शोधा. मर्सिडीझ व्हीटोचं वर्तुळ ५×११२ च आहे, आणि ती चाकं व्हॅनच्या ओझ्यासाठीच बनलेली. ईटी मात्र टेपपट्टींच्या हिशेबात बसवून बघा.

नाव सारखं म्हणून फसू नका. टी५ चं वर्तुळ ५×१२०, ते टी४ ला बसत नाही. फोर्ड ट्रान्झिटचं ५×१६०. फियाट ड्युकाटोत तर हलक्या मॉडेलला ५×११८ आणि जडला ५×१३०. म्हणजे एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील तरी चाकं अदलाबदल होणार नाहीत.

---

चिंचोका

माझ्याकडे वेगळी जुनी व्हॅन आहे, पण प्रश्न तोच. स्टील रिम खूप जुनी असेल तर ट्यूबलेस टायर चालतो का? टायरवाल्याने न विचारता ट्यूब काढून टाकली.

---

पाना_एकोणीस

@चिंचोका, रिमवर लिहिलेल्या मापात एच किंवा एच२ आहे का बघा. ती बीडच्या (टायरची रिमवर बसणारी कड) आतल्या बाजूची फुगीर कड. वळणावर हवा कमी असली तरी टायर आत घसरू नये म्हणून असते. एच म्हणजे एका बाजूला, एच२ म्हणजे दोन्ही बाजूंना. फार जुन्या ट्यूबवाल्या रिमना ती नसते. अशा रिमवर ट्यूबलेस टायर बिनट्यूबचा चालवू नये. आजच परत जा.

धागाकर्त्यांच्या रिमवर एच२ आहे, त्यांना ही काळजी नाही.

---

चिंचोका

बघितलं, नुसतंच माप आहे, एच नाही. जातो. धन्यवाद.

---

भटकी_व्हॅन

बरं, सेडानचा संच परत. घरातला एक तट नाराज आहे, पण ६१५ चा आकडा दाखवल्यावर वाद मिटला.

आता स्टीलच नीट करून घ्यायची असतील तर? दोन गंजलेल्या रिम वाचतील का? टायरवाला काळा डांबरासारखा सीलर लावू म्हणतो. आणि पावडर कोटिंगवाला म्हणतो चारही द्या, चकाचक करतो.

---

गंजलेला_नट

आता आपल्या विषयावर आलात.

टायर काढा आणि बीड बसते ती पट्टी तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासा. गंज वरवरचा असेल तर खाली गुळगुळीत लोखंड लागतं. खड्डे पडले असतील तर नखाला लागतात. उथळ खड्डे सँडब्लास्टिंग, झिंकवालं प्रायमर आणि पातळ रंग यांनी निभावतात. नख अडकण्याइतके खोल असतील आणि पट्टीभर पसरले असतील तर ती रिम सोडा. सीलर म्हणजे दोन महिन्यांची सोय. तो टायरला चिकटून बसतो आणि पुढच्या वेळी टायर काढणारा तुमच्या सात पिढ्या उद्धरतो.

मग बोल्टाची छिद्रं बघा. गोल आहेत की लांबट झालीत? सैल बोल्टांवर गाडी चालली असेल तर छिद्रं लांबट होतात. छिद्रांच्या भोवती, हवेच्या भोकांच्या कोपऱ्यांत आणि मधली ताटली रिमला जोडते त्या वेल्डवर केसासारखी रेघ दिसते का बघा. गंजाचं पाणी एका सरळ रेषेत ओघळलेलं दिसलं तर तिथे तडा आहे असं समजा आणि खात्री करून घ्या.

शेवटी गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक फिरवा आणि कडेजवळ खडू स्थिर धरा. खडू एकाच जागी लागत असेल तर रिम वाकडी आहे. कड वाकली असेल तर सरळ होते. हबला टेकणारी मधली ताटलीच वाकली असेल तर ठोकाठोकी नको. मी वर "ठोकून सरळ होते" म्हटलं ते कडेपुरतं.

---

मेधा_धातुवाली

पावडर कोटिंगबद्दल एक सूचना. स्टीलला भट्टीच्या उष्णतेचा त्रास नाही. पण कोटिंगवाला सगळीकडे सारखा जाड थर मारतो, बोल्टाच्या बैठकीवर आणि हबच्या टेकणीवरसुद्धा. तो थर बोल्ट आवळल्यावर दाबाखाली हळूहळू बसतो, आणि बसला की बोल्टाचा ताण उतरतो. पाना लावून टॉर्क (आवळण्याचा जोर) बरोबर दिलेला असला तरी शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट ढिले सापडतात ते यामुळे. त्यामुळे बैठका आणि मागची टेकणी चिकटपट्टीने झाकून घ्यायला सांगा. तिथे फक्त पातळ प्रायमर. बीडच्या पट्टीवरही जाड थर नको.

अलॉय कोटिंगला देणाऱ्यांनी भट्टीचं तापमान विचारून घ्यावं. पावडर साधारण १८० ते २०० अंशांना भाजतात. एकदा थोडा वेळ ठीक, पण जुना रंग जाळून काढणाऱ्या भट्टीत अलॉय घालू देऊ नका. वर सांगितलेली ताकद तिथे निघून जाते.

---

मावळतीकडे

हे नवीनच कळलं. माझ्या कोटिंगवाल्याने बैठकाच काय, बोल्टसुद्धा रंगवून दिले होते. वर हसत म्हणाला, एकाच रंगात शोभतात.

---

पाना_एकोणीस

बोल्टांचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करतो, कारण स्टील-अलॉयच्या वादात हाच भाग सगळ्यात कमी बोलला जातो आणि चाक सुटतं ते बहुतेक इथूनच.

बोल्टाच्या डोक्याखाली जी बैठक असते तिचे आकार वेगळे. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना चेंडूसारखी गोल बैठक असते. बाजारात बनणारी पुष्कळ अलॉय शंकूच्या बैठकीची, ६० अंशांची. गोल बोल्ट शंकूच्या छिद्रात घातला तर आवळल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर. ती रेघ झिजली की सैल. बोल्ट आणि छिद्र शेजारी धरून बघितलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरं लांबी. अलॉयची टेकणी जाड असते, त्यामुळे बोल्ट लांब लागतो. हबमध्ये आटे निदान बोल्टाच्या व्यासाइतके शिरलेले असावेत, असा मी हिशेब धरतो. एम१४ × १.५ ला (दर वळशाला १.५ मिमी) ते नऊ-सव्वानऊ वळसे होतात. हाताने फिरवत मोजा. चार-पाच वळशांत बोल्ट टेकला तर तो आखूड आहे.

आता उलट बाजू, जी लोक विसरतात. अलॉय लावलीत आणि स्टेपनी स्टीलची राहिली. रस्त्यात पंक्चर झालं, अलॉयचे लांब बोल्ट पातळ स्टीलच्या चाकात घातले, तर बोल्ट हबच्या मागून बाहेर येतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर आत शू आणि स्प्रिंगांना जाऊन भिडू शकतो. चाक आवळलं गेलं असं वाटतं, फिरवलं की अडकतं किंवा आत मोडतोड होते. म्हणून स्टीलच्या स्टेपनीसाठी आखूड बोल्टांचा संच गाडीत वेगळ्या डब्यात, वर खूण करून ठेवायचा. नाहीतर स्टेपनीही अलॉयचीच करा, पण मग ती गाडीखालच्या पाळण्यात बसते का बघा. रुंद चाक तिथे बसत नाही.

टॉर्क गाडीच्या पुस्तकातला. टी४ ला १६० न्यूटन-मीटर. आटे कोरडे आणि स्वच्छ, तेल-ग्रीस नाही. कोणतंही चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा टॉर्क पान्याने परत तपासायचं.

---

उतारावरचा

ग्रीसवरून आठवलं. अलॉय हबला चिकटतं हे खरं आहे, मान्य करतो. लोखंडी हब आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी-मीठ गेलं की दोन धातूंमध्ये गंज फुगतो आणि चाक निघता निघत नाही. रस्त्यात पंक्चर होऊन बोल्ट सगळे काढलेले आणि चाक जागचं हलत नाही, ही परिस्थिती फार अपमानास्पद असते. हब ब्रशने घासून मधल्या उंचवट्यावर सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात द्यायचा. बोल्टांना आणि टेकणीला नाही.

---

रानवाट

एक छोटीशी गोष्ट राहिली : व्हॉल्व्ह. "सी" टायरमध्ये हवा जास्त भरतात. साधा रबरी टीआर४१३ व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच. तुमचा दाब त्याच्या आसपास जात असेल तर जास्त दाबाचा व्हॉल्व्ह किंवा धातूचा नटवाला बसवा. टायर उतरवलेलेच असतील तेव्हा हे काम फुकटात होतं. पुष्कळदा "रिममधून हवा जाते" म्हणतात ती म्हाताऱ्या रबरी व्हॉल्व्हच्या बुडातून जात असते. साबणाचं पाणी लावून वाकवून बघा.

---

भटकी_व्हॅन

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून खाली गेलो. साबणाचं पाणी लावलं. एका चाकाची हवा व्हॉल्व्हच्या बुडातूनच जातेय, वाकवला की बुडबुडे. दुसऱ्याची मात्र कडेतून.

सध्याचा बेत असा : चारही टायर उतरवायचे, व्हॉल्व्ह बदलायचे, रिमा ब्लास्टिंगला द्यायच्या आणि ती एक रिम नख लावून बघायची. गेलीच असेल तर टी४ ची त्याच ईटीची स्टीलची एक शोधेन. व्हीटोची अलॉय नजरेसमोर ठेवतो, कुठे भाराचा आकडा लिहिलेला संच दिसला तर माप घेऊन इथेच टाकेन.

एक शंका : शोधून मिळालेली एक रिम माझ्याच मापाची पण ईटी थोडी वेगळी असेल तर? आणि तात्पुरतं तीन स्टील, एक अलॉय चालेल का?

---

टेपपट्टी

एकाच अॅक्सलवर वेगळी ईटी नको. दोन्ही बाजूंची रुंदी असमान होते, पुढे असेल तर ब्रेक लावताना स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मागे-पुढे वेगळी चालते का, तर तीही मूळ मापांत बसत असेल तरच. वेगळी ईटीवाली मिळालीच तर ती स्टेपनीला ठेवा आणि तुमची चांगली स्टेपनी खाली उतरवा. पण आधी स्टेपनीच बघा ना! ती वर्षानुवर्षं पाळण्यात पडून आहे, कदाचित सगळ्यात धड रिम तीच असेल.

एक अलॉय तीन स्टील : बोल्टांचे दोन प्रकार एकाच गाडीत फिरणार. नको.

---

गंजलेला_नट

पाळण्यातली स्टेपनी काढताना त्याचा हुक आणि बोल्टही तपासा. तिथला गंज रिमच्या गंजाचा बाप असतो. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, नाहीतर सकाळ तिथेच जाईल.

---

भटकी_व्हॅन

तेल सोडलंय. हुक अजून हलत नाही.

---

गंजलेला_नट

परत सोडा. हातोडी नको.